बसणी आणि उठणी

सगुणमेस्ता, तुझ्यावर लिहायला मी कोण? तुझ्या घरातला नाही, गावचा नाही, जिथे तू मेस्त, म्हणजे मेकॅनिक, त्या गॅरेजमधला तर नाहीच. मुळगावच्या त्या ओळीतल्या खोल्यांत दोन वर्षं तुझ्या शेजारी राहिलेल्या एका टिपर ड्रायव्हरचा मुलगा, एवढीच माझी ओळख. आणि मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे असं काही लिहून कुणाला दाखवायचं असतं की नसतं हेही मला सांगणारं कोणी नाही. तेव्हा आधीच माफी मागतो. चुकलं तर तू नेहमी हलवायचास तशी मान हलव आणि सोडून दे.

दुसरी अडचण म्हणजे तू की तुम्ही. बोलताना मी तुला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नाही. आपल्या भागात म्हणतच नाहीत. आजोबाला तू, देवाला तू. पण मराठी लिहायला बसलं की शाळेतले सर मागे येऊन उभे राहतात. म्हणून पहिल्या कागदावर मी ‘आपण’ असं लिहिलं आणि वाचून पाहिलं. बँकेच्या मॅनेजरला अर्ज केल्यासारखं वाटलं. तो कागद फाडला. तूच बरा.

तुला आठवतं का, अकरावीला सरकारी योजनेतून मला कंप्युटर मिळाला, तो आम्ही टिपरच्या केबिनमधून आणला होता? मी तो खोका मांडीवर घट्ट धरून बसलो होतो आणि बाबा इतक्या हळू गाडी चालवत होते की मागचे ट्रकवाले शिव्या देत पुढे जात होते. तो ठेवायला जनेलाजवळचं, म्हणजे खिडकीजवळचं, मेज रिकामं केलं. खाणीची तांबडी धूळ बसू नये म्हणून आईने तिची जुनी साडी त्याच्यावर टाकली. “हेच्यार फकत अभ्यास,” बाबा म्हणाले. आठवड्यात वर्गातल्या एका मित्राने मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली सीडी दिली. शर्यतीच्या गाड्यांचा गेम. अभ्यास तिथेच संपला.

एका रविवारी दुपारी मी खेळत होतो. तू अंगणात पाय धुऊन घराकडे निघाला होतास. जनेलाशी थांबलास. किती वेळ थांबला होतास ते मला माहीत नाही. अचानक मागून आवाज आला,

“मागचे शॉकप गेले.”

मी दचकलो. गाडी गवतात गेली.

“काय?”

“शॉकप, शॉकप. मागचे. त्या उंचवट्यार दोनदा उठली. बरी गाडी एकदाच उठता.”

“मेस्ता, गेम तो.”

“गेम असांदे. गाडी असा मगे?”

तू आत आलास, कदेल, म्हणजे खुर्ची, ओढलंस, आणि म्हणालास, “परत दाखय.” त्या गेममध्ये झालेली फेरी बाहेरून पुन्हा बघता यायची. मी दाखवली. मी रस्ता बघत होतो, बाजूच्या गाड्या बघत होतो. तू फक्त चाक बघत होतास. आणि खरंच, उंचवटा गेल्यावर गाडीचा मागचा भाग एकदा वर आला, खाली बसला, आणि पुन्हा वर आला. दोन महिने मी तो गेम खेळत होतो. मला ते कधी दिसलं नव्हतं.

मी तुला म्हणालो की यात शॉकप बदलता येतात, फक्त ते कसे ते मला कळत नाही. तुझा चेहरा मला अजून दिसतो. गॅरेजवाल्याला कुणीतरी न बघितलेलं इंजिन उघडून दाखवावं तसा. मी गेममधला शॉकपचा तक्ता उघडला. प्रत्येक चाकासमोर चार आकडे, आणि त्यांची इंग्रजी नावं. तू म्हणालास, “वाच.” मी वाचली. “अर्थ सांग.” आता आली पंचाईत. मी शाळेचा इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला आणि मोठ्या गंभीरपणे एका चिठ्ठीवर लिहायला लागलो. डॅम्प म्हणजे दमट, म्हणून डॅम्पर म्हणजे ‘दमट करणारा’. बंप म्हणजे ‘टेंगूळ’. म्हणून स्लो बंप म्हणजे मंद टेंगूळ, फास्ट बंप म्हणजे जलद टेंगूळ. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

तू इतका हसलास की मावशी, म्हणजे तुझी बायको, शेजारून हातातली पळी घेऊन बघायला आली. “काय झाला?”

“अगो, ह्येच्या गाडयेक टेंगूळ इला! मंद टेंगूळ!”

“तुमका दोगांकय इला असतला,” ती म्हणाली. “सहा दीस ट्रकाखाली, आनी सातव्या दिसा टीव्हीतल्या गाडयेखाली. नवरो माझो खय दिसताच नाय.”

मग तू मला समजावलंस. शॉकप म्हणजे तेलाने भरलेली नळी आणि तिच्यात जाणारी दांडी. चाक वर ढकललं गेलं की दांडी आत जाते, तेल तिला अडवतं. ती बसणी. स्प्रिंग परत उघडली की दांडी बाहेर येते, तेल तेव्हाही अडवतं. ती उठणी. बाकी सगळं डोक्यातून काढ, तू म्हणालास. मी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली: बसणी, उठणी. ती कंप्युटरच्या कडेला डकवली. आमच्या वर्गात कुणाच्याही कंप्युटरवर असे शब्द नव्हते.

हे पटावं म्हणून तू मला बाहेर नेलंस. खोल्यांच्या टोकाला कुणाची तरी जुनी जीप उभी होती. तू तिच्या मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवलेस, सगळा भार टाकलास आणि हात सोडलेस. जीप वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. “मोज,” तू म्हणालास. तीनदा. “ह्येचो मालक ह्या हप्त्यात माझ्याकडे येतलो बघ.” आणि तो आलाही. त्यानंतर मी रस्त्यावर उभी असलेली कुठलीही गाडी दिसली की तळवे ठेवायला लागलो. म्हापशाच्या बाजारात एकाने मला चोर समजून हटकलं होतं, ते तुला सांगायचं राहिलं.

रविवार तसेच जात राहिले. चालवायला तुला कधी जमलं नाही. तुझं एक बोट ठेवलं की दोन बटणं दाबली जायची, आणि गाडी भिंतीला. म्हणून मी चालवायचो, तू बघायचास. तू बोलत असताना मेजावर तळवा ठेवायचास आणि वळणाबरोबर तो हलके कलता करायचास. कधी मी स्क्रीन सोडून तुझा हातच बघत बसायचो. उठणी फार कडक ठेवली तर काय होतं ते तू मला त्या हातानेच दाखवलंस. एक खड्डा, हात खाली. वर यायच्या आत दुसरा खड्डा, हात अजून खाली. तिसरा, अजून खाली. “उठाक मिळना नाय तिका. बसतच जाता. मगे पोट घासता.” मी ते करून बघितलं. गाडीने खरंच पोट घासलं. आपण दोघांनी टाळ्या वाजवल्या, जणू काही जिंकलो.

तुझी एक तक्रार मात्र कायम होती. त्या गेममध्ये शॉकप कधी खराब होत नसत. “तेल गळना नाय, रबर झिजना नाय, ह्यो कसलो संसार? ह्या गावात मेस्त उपाशी मरतलो.” आणि पुढचे शॉकप मऊ हवेत की कडक, यावर आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मला अजूनही वाटतं की कडकच हवेत. तू इथे असतास तर आत्ता “मेल्या” म्हणाला असतास.

पण ज्या भांडणाबद्दल मी लिहायला बसलो ते दुसरं. त्याच्याभोवतीच मी इतका वेळ फिरतो आहे.

बसणीचे दोन आकडे होते, उठणीचेही दोन. एक मंद, एक जलद. मी ठरवलं होतं की मंद म्हणजे गाडी हळू जाते तेव्हाचं आणि जलद म्हणजे गाडी जोरात जाते तेव्हाचं. यात न कळण्यासारखं काय होतं? त्या रस्त्यावर एक लांबलचक डावं वळण होतं, सगळ्यात वेगाचं. तिथे माझी गाडी अर्ध्यावर गेली की बाहेर घसरायची. गाडी जोरात, म्हणून मी जलदचा आकडा वाढवत होतो. वाढवला, अजून वाढवला. फरक शून्य.

तू म्हणालास, “मंदाचो वाढय.”

“मंद कसो? दोनशांच्या वर पळता गाडी.”

“गाडी किती पळता ता सोड रे. दांडी किती पळता ता बघ. लांब वळणार गाडी हळूहळू कलता. दांडी सावकाश आत जाता. तो मंद.”

“आनी जलद?”

“खड्डो. आमचो ट्रक खाणीतसून भरून येता तेव्हा बैलासारखो चलता. पण चाक खड्ड्यात पडला की दांडी गोळयेसारखी आत. ट्रक मंद, दांडी जलद.”

आता हे लिहिताना इतकं सरळ वाटतं. तेव्हा मला राग आला. मला वाटतं, राग या गोष्टीचा आला की इंग्रजी शब्द माझा होता. तो तक्ता वाचू शकणारा त्या ओळीतल्या खोल्यांत मी एकटा होतो, आणि तू तो न वाचता मला त्याचा अर्थ सांगत होतास. मी म्हणालो, “तसा नाय. गेमच्या पुस्तकात लिवलला हा. मी वाचलंय.”

तू विचारलंस, “पुस्तकात लिवलला हा?”

“व्हय. इंग्लिशीत.”

आणि मग मी ते वाक्य म्हणालो. “तुका वाचूक येता काय?”

मेस्ता, पुस्तक नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळून आलेल्या सीडीबरोबर कुठलं पुस्तक येणार? मी कधीच काही वाचलं नव्हतं.

तू चिडला असतास तर बरं झालं असतं. मी वाट बघत होतो. तू मेजावरचा तळवा उचललास, बघितलास, पँटला पुसलास. “बरा तर,” म्हणालास. “पुस्तकात असा तर खराच असतला. आमी आपले हातान शिकललो.” आणि मावशीने हाक मारली नसताना “इलंय गो” म्हणत निघून गेलास.

तू गेल्यावर मी मंदाचा आकडा वाढवला. का केलं ते माहीत नाही; बहुतेक तू चुकलास हे बघायला. गाडी वळणात शिरली, कलली, आणि कललेलीच थांबली. घसरली नाही. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हणजे तू खरा होतास हे मला त्याच दुपारी कळलं, तू अजून चहा पीत असशील तेवढ्यात. मधे एक भिंत होती. नुसतं मोठ्याने म्हटलं असतं तरी तुला ऐकू आलं असतं.

मी म्हटलं नाही. मी आकडा परत पूर्वीसारखा केला.

पुढचे रविवार तू यायचास, नाही असं नाही. पण आता तू सांगायचास कमी आणि विचारायचास जास्त. “त्या पुस्तकात उठणीचा काय सांगलला हा?” मी काहीतरी सांगायचो. तू मान डोलवायचास. एकदा बाबा जेवताना म्हणाले, “सगुण आज गॅरेजीत सगळ्यांक सांगा होतो, आमच्या झिलाच्या पुस्तकात असा असा लिवलला हा, आपण इतकी वर्सां चुकीचा समजा होतंय. पोरगो हुशार हां म्हणालो.” बाबांना केवढा अभिमान वाटला होता. त्यांनी मला माशांच्या कढीतला मोठा बांगडा वाढला. मी तो खाल्ला. तुझ्यासारखा माणूस, जो आवाजावरून कुठलं चाक बिघडलंय ते सांगायचा, तो स्वतःच्या हाताला चुकीचा म्हणायला लागला होता, आणि ते माझ्या न वाचलेल्या, नसलेल्या पुस्तकामुळे.

मला आता कळतं की तू पुस्तकाला का मान दिलास. माझे बाबाही देतात. वर्तमानपत्राला पाय लागला तर ते अजून नमस्कार करतात. तुम्हा लोकांनी छापलेल्या अक्षराला कधी उलट प्रश्न विचारला नाही, कारण तुम्हाला कुणी तिथपर्यंत पोचूच दिलं नाही. मी पोचलो. आणि पोचल्याबरोबर मी त्याच्या आड लपून तुला गप्प केलं. माझं शिक्षण सुरू झालं ते असं.

बारावी झाली. बाबांची कंबर धरली, त्यांनी टिपर सोडला, आणि आम्ही हळर्णला घरी परत गेलो, शेताकडे. सामान भरताना तू कंप्युटर स्वतः उचललास. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीस. टेम्पोत ठेवून त्याच्या चारी बाजूंनी गोधड्या कोंबल्यास, आणि टेम्पोच्या मागच्या कोपऱ्यावर तळवे टाकून एकदा दाबून बघितलंस. “एकदाच उठता,” म्हणालास. “जावा निवांत.” मला तेव्हा सांगता आलं असतं. बाबा आणि आई पुढे बसले होते, आपण दोघेच मागे होतो. मी म्हणालो, “येतंय मेस्ता.” तू म्हणालास, “पुस्तक इसरू नको.”

त्यानंतर दीड वर्ष. हळर्णहून म्हापसा, कॉलेज, परत हळर्ण. मुळगावला यायचं तर म्हापशाच्या त्याच स्टँडवरून दुसरी बस धरायची, एवढंच. मी दर आठवड्याला ठरवायचो. कधी परीक्षा, कधी बाबांची भातकापणी, कधी नुसताच कंटाळा. खरं कारण, मला वाक्य जमत नव्हतं. तू बरोबर होतास, हे सांगणं सोपं होतं. पुस्तक नव्हतं, हे सांगायचं होतं.

या सत्रात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्हाला एक प्रयोग आला. स्प्रिंगला वजन लावायचं, वजनाखालची चकती तेलाच्या भांड्यात बुडवायची, आणि हलवून सोडायचं. किती वेळा वर-खाली होतं ते मोजायचं. मी भांड्याकडे बघितलं आणि मला हसू आलं. खोल्यांच्या टोकाची ती जीप. सरांनी विचारलं की तेल कशाच्या प्रमाणात अडवतं. मी म्हणालो, “चकती किती जोरात हलते त्याच्या. ती कुठे आहे किंवा भांडं कुठे चाललंय याचा संबंध नाही.” सर खूश झाले. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “छान. कुठे शिकलास हे?”

मेस्ता, तुझं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, “पुस्तकात वाचलं होतं, सर.”

दुसऱ्यांदा. तेच खोटं, तेच पुस्तक. पहिल्या वेळी मी सोळा वर्षांचा होतो, रागात होतो, असं म्हणता येईल. या वेळी काय म्हणायचं? मी खाली बसलो. शेजारच्या मुलीने माझी वही उतरवून घ्यायला मागितली. मी ती तिच्याकडे सरकवली, आणि त्या क्षणी ठरवलं की येत्या शुक्रवारी घराकडे जाणारी पेडण्याची बस धरायची नाही.

शुक्रवारी म्हापशाला बाजार असतो. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी तुझ्यासाठी काही घ्यावं म्हणून फिरलो. तुला आवडायच्या त्या लहान केळ्यांचा एक घड घेतला, मावशीसाठी चणे घेतले, आणि मुळगाववरून जाणाऱ्या डिचोलीच्या बसमध्ये जनेलाजवळची जागा मिळाली. बस अजून सुटायची होती. मी वाक्य मनात जुळवत होतो. मराठीत जुळवलं की भाषणासारखं व्हायचं. शेवटी आपल्याच बोलीत जमलं: मेस्ता, पुस्तक बिस्तक काय नव्हता, मी लबाड बोललंय, तुझो हात खरो. एवढंच. चार-पाच वेळा म्हणून बघितलं. बरं वाटलं. मला वाटलं तू हसशील, मग विचारशील की अजून तो गेम असा काय. मी हो म्हणेन.

कंडक्टर तिकिटं देत आला. चेहरा ओळखीचा होता. तो मुळगावचाच, आपल्या खोल्यांवरून सायकलने जायचा. त्यानेही मला ओळखलं.

“अरे, ड्रायव्हराचो चलो मरे तू? कितलो वाडला! खंय?”

“मुळगाव.”

“कोणागेर?”

“सगुणमेस्तागेर.”

त्याचा हात तिकिटांवर थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या केळ्यांकडे.

“तुका कोणें सांगूंक ना?” तो म्हणाला. आवाज एकदम उतरला. “मेस्त गेलो मरे. आयतारा. गॅरेजीतूच बसलो, तो परत उठलोच ना.”

आयतारा, म्हणजे रविवारी. मागून कोणीतरी म्हणालं, गाडी कधी सोडतलो. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. कंडक्टर अजून तिथेच उभा होता.

“गाडी सुटूंक ना अजून,” तो हळूच म्हणाला. “उतरतलो?”

“ना,” मी म्हटलं. “मावशेक एक सांगपाचें आसा.”